टांबोराच्या राखेत पेशवाई बुडाली? जरा तारखा बघू

परवा आपल्याच तालुक्याच्या एका ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत आलं. मथळा असा, की पेशवाई इंग्रजांनी बुडवली नाही, इंडोनेशियातल्या एका ज्वालामुखीने बुडवली. खाली वीस-पंचवीस अंगठे आणि दोन भगवे झेंडे. तिघा-चौघांनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, "सर, यात कितपत तथ्य?" तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते वाढत गेलं, म्हणून सरळ इथेच टाकतोय. लांब आहे. चहा घेऊन बसा.

फॉरवर्ड पूर्ण खोटं असतं तर एका ओळीत मोकळा झालो असतो. पण तसं नाहीये. त्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही खऱ्या आहेत. १८१५ साली इंडोनेशियात टांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला, हे खरं. त्यानंतर जगभरात हवामान बिघडलं, हेही खरं. १८१७ साली बंगालमधून कॉलरा उठला आणि देशभर पसरला, तेही खरं. खोट आहे ती या तिन्हींच्या मध्ये घातलेल्या "म्हणून" या शब्दात. हे "म्हणून" कुठे बसतं आणि कुठे बसत नाही, ते बघू.

सुरुवात टांबोरापासून.

जावाच्या पूर्वेला बाली, त्याच्या पुढे लोंबोक, त्याच्या पुढे सुंबावा. या सुंबावा बेटावर टांबोरा हा डोंगर आहे. फुटण्याआधी तो साधारण ४३०० मीटर उंच होता म्हणतात. म्हणजे आपलं कळसूबाई एकावर एक अडीच वेळा रचलं तरी तो वरच राहील. आज तो २८५० मीटर आहे. वरचं टोक उडालं, आत कोसळलं आणि तिथे सहा किलोमीटर रुंदीचा खड्डा राहिला.

५ एप्रिल १८१५ ला पहिला मोठा स्फोट झाला. त्या वेळी जावा इंग्रजांच्या ताब्यात होता आणि तिथला लेफ्टनंट गव्हर्नर होता स्टॅम्फर्ड रॅफल्स, पुढे सिंगापूर वसवणारा तोच. तिथून आठशेएक किलोमीटरवरच्या योग्यकर्त्यात आवाज ऐकू आला तेव्हा सैनिकांना वाटलं शेजारच्या ठाण्यावर हल्ला झालाय, आणि तुकडी निघालीसुद्धा. किनाऱ्यावर होड्या सोडल्या, कुठलं जहाज संकटात सापडून तोफा डागतंय का ते बघायला. खरा तडाखा बसला १० एप्रिलच्या संध्याकाळी. सांगारच्या राजाने नंतर सांगितलं, की डोंगराच्या माथ्यावरून आगीचे तीन वेगवेगळे लोळ वर गेले आणि वर जाऊन एकमेकांत मिसळले. थोड्याच वेळात सगळा डोंगर पेटता रस झाल्यासारखा दिसू लागला. दोन हजार किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या सुमात्रात तो आवाज गेला. माणसाने लिहून ठेवलेल्या इतिहासात एवढा मोठा उद्रेक दुसरा झालेला नाही.

टांबोरा आणि पेकात ही डोंगराच्या पायथ्याची दोन छोटी राज्यं नकाशावरूनच गेली. टांबोराची भाषाही माणसांबरोबर संपली. रॅफल्सच्या काळात कुणीतरी तिच्यातल्या शब्दांची एक छोटी यादी करून ठेवली होती, तेवढीच आज उरली आहे.

स्फोटात, राखेत, समुद्राच्या लाटांत मेले ते दहा-बारा हजारांच्या घरात. पण सुंबावा आणि लोंबोक मिळून एकूण मृत्यू साठ ते नव्वद हजार धरले जातात. मग बाकीचे कशाने मेले? भुकेने आणि रोगाने. शेतं राखेखाली गेली, पाणी नासलं, जनावरं मेली. रॅफल्सने लेफ्टनंट ओवेन फिलिप्स नावाच्या अधिकाऱ्याला तांदूळ देऊन तिकडे पाठवलं. रस्त्याने त्याला प्रेतं पडलेली दिसली, ओसाड गावं दिसली, केळीचे खुंट खाऊन जगणारी माणसं दिसली. सांगारच्या राजाची स्वतःची एक मुलगी भुकेने मेली होती. राजाची मुलगी! प्रजेची काय गत झाली असेल, तुम्हीच बघा.

आता विज्ञानाकडे वळू. ही पायरी नीट समजली नाही तर पुढचं सगळं चुकतं.

बहुतेकांना वाटतं, ज्वालामुखीची राख आकाशात जाते, सूर्य झाकते आणि थंडी पडते. राख झाकते, पण ती जड असते. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली येऊन बसते. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे २०२५ ला, इथिओपियातला हायली गुब्बी फुटला आणि त्याची राख तांबडा समुद्र ओलांडून दिल्लीपर्यंत आली, विमानं रद्द झाली, आठवत असेल. तेव्हाही मला विचारणा झाली होती, "आता रब्बीचं काय?" रब्बीचं काही होणार नव्हतं. २०१० साली आइसलंडच्या ज्वालामुखीने युरोपची विमानं कित्येक दिवस जमिनीवर बसवली, तरी जगाचं तापमान काही हललं नाही.

हवामान बिघडवते ती राख नाही, गंधक आहे. उद्रेकात सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. तो खालच्या हवेत राहिला तर पाऊस त्याला आठवड्याभरात धुऊन काढतो. पण उद्रेक इतका जोराचा असेल, की वायू ढगांच्याही वर, शाळेच्या भूगोलात ज्याला स्थितांबर म्हणतात तिथे पोचला, तर गोष्ट वेगळी. तिथे पाऊसच नाही. धुणार कोण? काही आठवड्यांत त्या वायूपासून गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात. ते सूर्याचा थोडा प्रकाश परत अवकाशात उडवतात. जमिनीवर ऊन कमी पोचतं, जग थोडं गार होतं. उद्रेक विषुववृत्ताजवळ झाला तर वरचे वारे हा पडदा उत्तर आणि दक्षिण दोन्ही गोलार्धांवर पसरवतात. टांबोरा विषुववृत्ताच्या फक्त आठ अंश खाली आहे. त्याने पाच-सहा कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, असा ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलेल्या गंधकावरून अंदाज आहे.

म्हणूनच मोठा आवाज झाला म्हणजे हवामान बदललंच, असं नसतं. १९८० साली अमेरिकेतला सेंट हेलेन्स डोंगर फुटला, त्याचे फोटो जगभर गाजले. गंधक कमी होतं, परिणाम जवळपास शून्य. दोन वर्षांनी मेक्सिकोतला एल चिचोन फुटला. त्याचं नाव आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नसेल. पण त्याने गंधक वर पाठवलं आणि तो शास्त्रज्ञांच्या मोजमापात ठळक उमटला.

टांबोरानंतर जगाचं सरासरी तापमान साधारण अर्धा अंश उतरलं. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण सरासरी हा मोठा फसवा आकडा आहे. कुठे काही झालं नाही, कुठे सगळा हंगाम गेला. ६ जून १८१६ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडला. जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही महिन्यांत तिथे कधी ना कधी हिमतुषार पडून मका करपला. पश्चिम युरोपात उन्हाळाभर पाऊस आणि गारठा. स्वित्झर्लंडमध्ये त्या उन्हाळ्यात काही इंग्रज साहित्यिक मंडळी पावसामुळे घरात अडकून पडली, भुताच्या गोष्टी रचत बसली आणि त्यातून मेरी शेलीची फ्रँकेन्स्टाइन ही कादंबरी जन्मली, हे तुम्ही वाचलं असेल. प्रत्येक लेखात असतं. मला त्यापेक्षा त्याच देशाच्या पूर्व भागातल्या विणकरांची गोष्ट महत्त्वाची वाटते.

सेंट गॅलन, आपेनझेल या भागात घरोघरी सूत कातणं आणि विणणं चालायचं. नेपोलियनच्या काळात इंग्रजी मालाला युरोपात बंदी होती, तेव्हा यांचं बरं चाललं. नेपोलियन पडला, बंदी उठली, इंग्लंडचं यंत्राचं स्वस्त सूत आलं आणि यांची मजुरी बसली. त्याच सुमारास १८१६ चं पीक गेलं. धान्याचे भाव अवाच्या सवा चढले आणि घेणाऱ्याच्या हातात पैसा नाही. १८१७ च्या वसंतात लोक गवत उपटून शिजवत होते. त्यातच शेजारच्या राज्यांनी, अगदी एकाच देशातल्या प्रांतांनीसुद्धा, आपापल्या सीमेवर धान्य अडवून धरलं. आणि गंमत बघा, गंमत म्हणायलाही जीभ धजत नाही, त्याच वेळी रशियाच्या दक्षिणेला काळ्या समुद्राकाठी पीक चांगलं आलं होतं. ओडेसा बंदरातून गव्हाची जहाजंच्या जहाजं भरून जात होती. युरोपात धान्य होतं. ज्याला विकत घेता येत होतं, वाहून आणता येत होतं, त्याच्यापर्यंत ते पोचलं.

हे सगळं कशामुळे होतंय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. धुरकट आकाशामुळे सूर्यावरचे डाग नुसत्या डोळ्यांनी दिसत होते, तेव्हा लोकांनी दोष सूर्याला दिला. १८ जुलै १८१६ ला सूर्य विझणार अशी एक भविष्यवाणी इटलीतून उठली आणि युरोपभर पसरली. लोक घाबरले, प्रार्थनेला धावले. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, पण काम अडलं नाही. टांबोराची बातमी छापली गेली होती, युरोपात पोचलीही होती. पण त्या बातमीचा आणि आपल्या ताटातल्या भाकरीचा संबंध लावायला कुणाला सुचलं नाही. खरं तर तीस वर्षं आधीच बेंजामिन फ्रँकलिनने तसा अंदाज लिहून ठेवला होता. १७८३ साली आइसलंडचा लाकी फुटल्यावर युरोपवर कोरडं धुकं पसरलं आणि कडक हिवाळा पडला, तेव्हा त्याने शंका घेतली होती की हा आइसलंडच्या ज्वालामुखीचा धूर असावा. विसरले सगळे. पुढे १८८३ ला क्राकाटोआ फुटला तोपर्यंत तारयंत्र आलं होतं. बातमी चटकन पोचली, पाठोपाठ जगभर लालभडक संध्याकाळी दिसल्या आणि दोन्हींचा मेळ बसला. टांबोरा आणि १८१६ चं गारठलेलं वर्ष यांची गाठ विल्यम हम्फ्रीज या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने घातली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे घटनेनंतर जवळपास शंभर वर्षांनी.

बरं, एवढंही सरळ नाहीये. बर्फाच्या नमुन्यांत १८०९ सालचा आणखी एक मोठा गंधकाचा थर सापडला. तो कुठल्या ज्वालामुखीचा, याचा पत्ता अजून लागलेला नाही. म्हणजे टांबोरा फुटला तेव्हा जग आधीच एका धक्क्यातून सावरत होतं. १८१० ते १८१९ हे दशक गेल्या काही शतकांतलं सर्वांत थंड दशक धरतात. ते सगळं एकट्या टांबोराच्या खात्यावर टाकता येत नाही.

आता हिंदुस्थान. इथून "म्हणून" ची परीक्षा सुरू होते.

आपला पाऊस चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर. उन्हाळ्यात जमीन झटकन तापते, समुद्र रेंगाळत तापतो, आणि समुद्रावरची ओली हवा जमिनीकडे ओढली जाते. ऊन कमी झालं की जमीन लवकर गार पडते, समुद्र तितका नाही. फरक घटतो, पावसाचा जोर घटतो. त्यातून समुद्रावरून वाफही कमी उठते. तेव्हा मोठ्या उद्रेकानंतर मोसमी पाऊस ढिला पडणं हे तर्काला धरून आहे, आणि अलीकडचा पुरावाही आहे. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला. त्याने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर नेला. नासाच्या जेम्स हॅन्सन यांच्या गटाने गणित मांडून जाहीर केलं की जग अर्धा अंश गार होईल. १९९२ ला साधारण तसंच झालं. आणि त्या वर्षभरात जगातल्या जमिनीवर पडलेला पाऊस आणि नद्यांतून वाहिलेलं पाणी, दोन्ही ठळकपणे घटलं. हे मोजलेलं आहे, तर्क नाही.

१८१६-१७ साली बंगालमध्ये पावसाचं वेळापत्रक बिघडलं होतं, याची नोंद कंपनी सरकारच्याच कागदात आहे. बंगालच्या मेडिकल बोर्डाचा सचिव जेम्स जेमसन याने १८२० मध्ये कॉलऱ्यावर मोठा अहवाल लिहिला, त्यात रोगाच्या आधी त्या वर्षांच्या विचित्र हवामानाचं वर्णन सविस्तर केलं. ऑगस्ट १८१७ मध्ये जेस्सोरला, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या जशोरला, साथ भडकली आणि इंग्रज डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. टांबोरावर पुस्तक लिहिणारे गिलेन डार्सी वूड यांचा तर्क असा, की बिघडलेल्या पावसामुळे बंगालच्या खाडीतल्या पाण्यात कॉलऱ्याच्या जंतूला नवं बळ मिळालं. शक्य आहे. तो जंतू खाऱ्या-गोड्या पाण्याच्या संगमात राहतो आणि पाण्याच्या उष्णतेला, खारटपणाला संवेदनशील आहे, हे आज माहीत आहे. पण "शक्य आहे" म्हणजे "झालं" नव्हे.

माझी शंका दुसरीकडून आहे. कॉलरा काही १८१७ ला जन्मलेला रोग नाही. आपल्याकडे त्याला मोडशी म्हणायचे. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलंय, आपला "मोडशी" हा शब्द पोर्तुगिजांनी उचललाही. म्हणजे टांबोराच्या अडीचशे वर्षं आधी हा रोग आपल्या किनाऱ्यावर होता. १८१७ ला नवीन होतं ते त्याचं पसरणं. पसरायला पाय लागतात. ते पाय कुणाचे होते? व्यापाऱ्यांचे, यात्रेकरूंचे, आणि त्या वर्षी सगळ्यांत जास्त म्हणजे फौजांचे. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने उत्तरेतून आणि दक्षिणेतून एवढं सैन्य हलवलं होतं, की कंपनीने तोवर एका वेळी इतकं कधी हलवलं नव्हतं.

आणि आता त्या तारखा.

२० जुलै १८१५, पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून. टांबोरा फुटून तीन महिने झालेले. कुणी म्हणेल ज्वालामुखीने खून करवला! सप्टेंबर १८१६, त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला. १३ जून १८१७, एल्फिन्स्टनने बाजीरावाकडून पुण्याचा तह करून घेतला. पेशव्याने मराठा मंडळाचं प्रमुखपण सोडलं, मुलूख सोडला, किल्ले सोडले. हे सगळं जेस्सोरची साथ भडकण्याच्या आधीचं. त्याच्याही मागे जायचं तर ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह. माझ्या मते पेशवाईचा खरा हिशेब तिथेच मिटला होता. तेव्हा टांबोरा शांत होता.

५ नोव्हेंबर १८१७. त्या एका दिवशी दोन गोष्टी झाल्या. खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांशी भिडली आणि हरली. आणि तिकडे ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांनी हेस्टिंग्जशी तह करून टाकला, म्हणजे पेशव्यांच्या मदतीला यायची वाट बंद. आता बघा, कॉलरा कुठे आहे? तो याच सुमारास, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, बुंदेलखंडात हेस्टिंग्जच्या स्वतःच्या छावणीत शिरला. मराठ्यांच्या नाही, इंग्रजांच्या! काही दिवसांत हजारो माणसं गेली. त्यात शिपाई होते, पण त्याहून जास्त होते बाजारबुणगे, मोतद्दार, पखालवाले, हमाल. पालखीत घालायला माणसं उरली नाहीत, इतके आजारी. हेस्टिंग्जबद्दल अशी हकीकत सांगतात, की त्याने जवळच्या अधिकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, मी मेलो तर तंबूतच गुपचूप पुरा, शत्रूला कळू देऊ नका. अखेर त्याने छावणी उठवली आणि बेटवा नदीकाठी एरचच्या कोरड्या जागेत नेली, तेव्हा कुठे साथ ओसरली.

म्हणजे फॉरवर्डवाल्यांचंच गणित लावायचं तर टांबोराने मराठ्यांना मदत केली असं म्हणावं लागेल. घरात भांडणं नसती, तह झालेला नसता, शिंदे त्या पंधरवड्यात बाहेर पडले असते तर काय झालं असतं, यावर हवी तेवढी चर्चा करा. पण तो प्रश्न माणसांचा आहे, डोंगराचा नाही.

उरलेल्या तारखा पटकन. नोव्हेंबरच्या अखेरीस सीताबर्डी, २१ डिसेंबरला महिदपूर, २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टी, तिथे बापू गोखले पडले. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. कॉलरा दख्खनमध्ये पसरला तो १८१८ च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात, नागपूरकडून पुढे सरकत, आणि मुंबईत पोचला ऑगस्टमध्ये. राज्य गेलं, नंतर साथ आली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते तसंही नाही इथे, फांदी आधीच मोडून पडली होती.

मग आपल्या भागातल्या माणसांना या सगळ्याचा काहीच फटका बसला नाही का? बसला, भरपूर बसला. फक्त तो पेशव्यांना नाही बसला. बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचं पेन्शन मिळालं, तो बिठूरला जाऊन आणखी तेहतीस वर्षं जगला. मेले ते गावकुसातले आणि गावकुसाबाहेरचे लोक. त्यांची नावं कुठल्या तहात नाहीत. गावोगाव मरीआईचा गाडा एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर ढकलायची रीत होती, रोग आपल्या हद्दीबाहेर जावा म्हणून. शेजारच्या गावाने तो पुढे ढकलायचा. स्वित्झर्लंडच्या प्रांतांनी धान्य आपल्या सीमेत अडवलं, इथे रोग सीमेबाहेर लोटला. हाच कॉलरा जहाजांतून १८२०-२१ च्या सुमारास जावा बेटावर पोचला आणि तिथे लाखभर लोक मेल्याचं सांगतात.

आता इतक्या जुन्या गोष्टीचं आज काय, असं कुणी कमेंटमध्ये विचारेलच. म्हणून आधीच लिहितो.

ज्वालामुखी जग गार करतो हे कळल्यावर काही शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला, की तापमानवाढीवर उपाय म्हणून आपणच विमानांनी स्थितांबरात गंधक सोडायचं. दरवर्षी थोडं थोडं, पिनाटुबोसारखं. हे कुणा वेड्याचं स्वप्न नाही, यावर गंभीर संशोधन चालू आहे. २०२२ मध्ये एका अमेरिकी कंपनीने कुणाला न विचारता मेक्सिकोत गंधक भरलेले फुगे सोडले, ते कळल्यावर जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने अशा प्रयोगांवर बंदी आणणार असल्याचं जाहीर केलं. २०२४ च्या सुरुवातीला नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने या विषयावर ठराव आणला. देशांचं एकमत झालं नाही, तो मागे घ्यावा लागला.

मी या संशोधनाच्या विरोधात नाही. पण तापमान आणि पाऊस ही दोन वेगळी खाती आहेत, हे पिनाटुबोने दाखवलंय. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्याचं उदाहरण बघा. विसाव्या शतकात तिथले सर्वांत कोरडे उन्हाळे मोजले, तर त्यातले बहुतेक उत्तर गोलार्धातल्या मोठ्या उद्रेकानंतरचे निघाले. १९१२ ला अलास्कात काटमाई फुटला, पुढच्या वर्षी साहेलमध्ये दुष्काळ. १९८२ ला एल चिचोन, पुन्हा तेच. म्हणजे पडदा कुठल्या गोलार्धात किती जाड टाकला, यावर कुणाचा पाऊस सरकणार हे ठरतं. न्यूयॉर्कचा उन्हाळा अर्धा अंशाने सुसह्य झाला आणि माण-खटावचा मृगाचा पाऊस पंधरा दिवस पुढे गेला, तर ते नुकसान कोण भरून देणार? आणि मुळात तो पाऊस त्या गंधकाने लांबला की नेहमीसारखाच लांबला, हे सिद्ध कसं करायचं? १८१६ चं कारण कळायला शंभर वर्षं लागली होती. पीकविम्याचा पंचनामा पंधरा दिवसांत होत नाही आपल्याकडे.

ग्रुपवरच्या त्या मित्राला एवढंच लिहिलंय, की फॉरवर्डमधलं शेवटचं वाक्य काढ, बाकीचं ठेव.

आणि एक काम. हवामानाच्या इतिहासात दख्खनचं १८१५ ते १८१९ हे पान भरायचं असेल तर ते लंडनच्या कागदांतून भरणार नाही. ते मोडीत आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहे, तसंच जुन्या घरांतल्या रुमालांत, देवस्थानांच्या हिशेबात आहे. "पाऊस लागला नाही, सबब सूट द्यावी", "ज्वारी बुडाली", "गावी मरी आली", असलं एखादं वाक्य तारखेसह मिळालं तरी ते सोन्यासारखं. कुणाच्या घरी त्या चार-पाच वर्षांचे कागद असतील तर रद्दीत घालू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. स्वच्छ उजेडात फोटो काढा, मोडी वाचता येत नसेल तरी चालेल, आणि मला मेसेज करा. आपल्याकडे मोडी वाचणारी तीन-चार मंडळी आहेत, रविवारी बसतो आम्ही.